एकसष्ट : एक घटी, एक पळ

६१ ही संख्या पाहताक्षणी डोळ्यांत भरणारी नाही. ११ ची जोडगोळी तिच्याजवळ नाही, १०१ चा समतोल नाही. उलटी वाचली तर ती १६ होते, आणि १६ ला दोन, चार, आठ असे वाटेकरी हजरच. शाळेत मूळ संख्यांची यादी घोकताना आपण ५९ वरून ६१ वर येतो आणि क्षणभरही न रेंगाळता ६७ कडे निघून जातो. भास्कराचार्य मात्र इथे रेंगाळले. इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्ध केलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या ‘बीजगणित’ या भागात त्यांनी वाचकापुढे एक कोडे ठेवले : अशी कोणती संख्या आहे, की जिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळवला तर येणारी संख्याही वर्गच असेल? ६१ च्या जोडीला त्यांनी ६७ घेतली. प्रश्न एका ओळीचा. पण ६१ साठी त्याचे लहानात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. त्याचा वर्ग करून ६१ ने गुणावा, एक मिळवावा, की १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा वर्ग हाती येतो. शंभराच्या आतल्या दुसऱ्या कोणत्याही संख्येला एवढे मोठे किमान उत्तर लागत नाही. या साध्यासुध्या दिसणाऱ्या एकसष्टीच्या पोटात एवढे काय दडले आहे, ते पाहायचे तर तिला दहाच्या हिशेबातून अलगद उचलून दुसऱ्या हिशेबांत ठेवून पाहावे लागते. जळगावच्या सराफ्यात जाणता माणूस खडा बोटांत धरून उजेडाकडे एकेका बाजूने फिरवतो, तशी ही संख्या आपण आज फिरवून पाहू.

त्यासाठी बसायला जागाही खानदेशातच आहे. चाळीसगावपासून अठराएक किलोमीटरवर, सातमाळ्याच्या कुशीत, गौताळ्याच्या रानाला लागून पाटणादेवीचे स्थान आहे. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड असे सांगितले; ते नेमके कोणते यावर विद्वानांचा वाद आहे. पण त्यांचा वारसा पाटणला रुजला, याची साक्ष दगडात आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने इथे मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्या मठाला दान दिले. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तो चक्क बाजाराचा हिशेब आहे : गिऱ्हाइकाकडून दामाचा विसोवा, म्हणजे विसावा हिस्सा, पाच पोफळे, घाण्यामागे पळीभर तेल, आणि इथे जे मापायचे ते मठाच्या मापाने मापावे, ही अट. ग्रहगणित शिकवणाऱ्या मठाच्या दारातच गावाचे माप ठेवलेले असावे, ही कल्पना किती लोभस आहे! आकाशातले अंश आणि बाजारातले विसोवे एकाच उंबरठ्यावर मोजले जात होते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चाही आरंभ असाच आहे. मंगलाचरण होते न होते तोच नाण्यांचे कोष्टक येते : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. एक, दश, शत अशी परार्धापर्यंत दहादहा पटींनी चढत जाणारी स्थाने नंतर येतात. म्हणजे लिहिण्यासाठी दहाचा पाया, पण व्यवहारासाठी वीस, चार आणि सोळा. पाया बदलणे ही आपण संगणकाच्या युगाची गोष्ट समजतो. लीलावतीच्या वाचकाला ती कवड्यांच्या थैलीतच भेटत होती. त्या थैलीत ६१ टाकून पाहू. ६१ कवड्या म्हणजे तीन काकिण्या एक कवडी. ६१ काकिण्या म्हणजे पंधरा पण एक काकिणी. ६१ पण म्हणजे तीन द्रम्म तेरा पण. या शेवटच्या हिशेबात आपल्या आजी-आजोबांचा आवाज ऐकू येतो, कारण ६१ आणे म्हणजेही तीन रुपये तेरा आणेच. भास्कराचार्यांचा सोळा पणांचा द्रम्म आणि १ एप्रिल १९५७ ला नया पैसा येईपर्यंत चाललेला सोळा आण्यांचा रुपया यांच्यामध्ये आठशे वर्षे उभी आहेत, पण दोघांच्या गल्ल्यात एकसष्टीचे रूप एकच.

सराफ्यातल्या जुन्या मापात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा; तिथे ६१ गुंजा म्हणजे सात मासे पाच गुंजा, अष्टमान पद्धतीत ७५. आता ७५ हे रूप पाहून आपला हात सवयीने पाचने भागायला सरसावतो, आणि इथेच पहिली गंमत आहे. दहाच्या पायात शेवटी पाच आला की संख्येला पाचाने भाग जातो, कारण दहाच्या पोटात पाच आहे. आठाच्या पोटात तो नाही, म्हणून तिथे शेवटचा पाच काहीही कबूल करत नाही. अंक ही संख्येची बोली आहे, स्वभाव नाही. सात मासे पाच गुंजांचे ढीग कसेही पाडा, सारख्या वाटण्या होणार नाहीत. ६१ चे मूळपण माप बदलल्याने उणे होत नाही की अधिक होत नाही. बदलते ते एवढेच, की त्या मूळपणाची कोणती खूण आपल्या डोळ्यांना दिसावी.

या खुणा किती नाना परींच्या आहेत! सहाच्या पायात ६१ लिहिली तर एक छत्तीस, चार सहा आणि एक : १४१. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तेच. दशमानात जिला समतोल नव्हता, ती इथे दोन्ही टोकांना एकेक दिवा लावून बसली आहे. द्विमानात तिचे रूप ११११०१. हे उलट वाचले की १०११११, म्हणजे ४७, आणि ४७ ही पुन्हा मूळ संख्याच. दशमानात उलटल्यावर जी आपले मूळपण गमावत होती, ती शून्य-एकाच्या बोलीत उलटूनही मूळच राहते. आणि पैचा हिशेब घ्या. बारा पैंचा आणा. ६१ पै म्हणजे पाच आणे एक पै. दोन आणि तीन सोडून कोणतीही मूळ संख्या पैंमध्ये मोजा. आणे बाजूला काढल्यावर उरणाऱ्या पै एक, पाच, सात किंवा अकराच असणार, दुसरे काही उरूच शकत नाही. बारा शेजारी असले तरी मूळ संख्यांना त्यातली चारच दारे उघडी.

पायाच्या पोटात जितके निरनिराळे मूळ अवयव, तितकी ही दारे प्रमाणाने कमी होत जातात. दशमानात दहापैकी चार : १, ३, ७, ९. बारात बारापैकी चार. आणि साठात, जिथे दोन, तीन, पाच असे तिघेही एकत्र नांदतात, तिथे साठपैकी फक्त सोळा. साठाचा पाया हा काही कुणा गणितज्ञाचा लहरी खेळ नव्हे. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर तो चार हजार वर्षांपूर्वी कोरला गेला. आपल्या पंचांगात तो घटी, पळे, विपळे होऊन राहिला, ग्रहगणितात अंश, कला, विकला झाला, आणि मनगटावरच्या घड्याळात आजही मिनिट-सेकंद होऊन फिरतो. या साठातली ती सोळा दारे एकदा नीट न्याहाळावीत : १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ४९, ५३, ५९. पाचापेक्षा मोठी कोणतीही मूळ संख्या, मग ती कितीही अवाढव्य असो, घटी-पळांत लिहिली की शेवटी यांपैकीच एक पळसंख्या दाखवते. आणि या सोळांतल्या चौदा स्वतःच मूळ! उरल्या दोन : एक तर सगळ्यांहून वेगळाच एक, आणि दुसरी ४९, साताचा वर्ग. मूळ संख्यांच्या मेळाव्यात ही ४९ वेष पालटून बसलेली आहे. तिची आठवण असू द्या. ती पुढे भेटणार आहे.

या साठाच्या घरात ६१ चे रूप कसे? एक घटी, एक पळ. १,१. दशमानात अकराला मिळालेला मान इथे एकसष्टीला मिळतो, आणि मानाबरोबर अकराची सारी कौतुकेही. अकराचा वर्ग १२१. ६१ चा वर्ग ३७२१, म्हणजे साठाच्या पायात १,२,१. घड्याळाच्या भाषेत एक तास, दोन मिनिटे, एक सेकंद. अकराचा घन १३३१. ६१ चा घन २,२६,९८१, म्हणजे १,३,३,१. पंचांगाच्या भाषेत एक दिवस, तीन घटी, तीन पळे, एक विपळ. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर भाष्य करताना हलायुधाने दहाव्या शतकात विशद केलेल्या मेरुप्रस्ताराच्या ओळी एकसष्टीच्या घातांमधून जशाच्या तशा उतरत जातात. तीन तास तीन मिनिटे म्हणजे तीन वेळा ६१ मिनिटे. सात घटी सात पळे म्हणजे सात वेळा ६१ पळे. चोवीस तासांच्या घड्याळात तास आणि मिनिट यांचा आकडा एक झाला की मध्यरात्रीपासून सरलेल्या मिनिटांना ६१ ने भाग जातो, हे एकदा कळले की दिवसातून कितीदा तरी आपले लक्ष उगाच तिकडे जाते.

आता तिला भागाकारात पाहू. दशमानात १ भागिले ६१ करायला घेतले तर अपूर्णांक सरतच नाही; एक आवर्तन पुरे व्हायला साठ अंक लागतात. ते साठ अंक असे :

०१६३९३४४२६२२९५०८१९६७२१३११४७५४०
९८३६०६५५७३७७०४९१८०३२७८६८८५२४५९

हे दोन ओळींत मांडण्याचे कारण आपण बोट ठेवून पाहिले की उमजेल. वरच्या ओळीतला कोणताही अंक आणि त्याच्या बरोबर खालचा अंक यांची बेरीज नऊ. शून्याखाली नऊ, एकाखाली आठ, सहाखाली तीन; तीसच्या तीस जोड्या अशाच. आणि मोजून पाहिले तर शून्यापासून नवापर्यंत प्रत्येक अंक बरोबर सहा वेळा आला आहे, कुणाला एक जास्त नाही की कुणावर अन्याय नाही. असे आवर्तन शक्य तेवढे लांब असणारी आणि त्यात सगळ्या अंकांना समान वाटा देणारी सर्वांत लहान मूळ संख्या ६१ हीच. तिच्यानंतर हा मान थेट १३१ कडे जातो.

हाच भागाकार साठाच्या पायात मांडला तर साठ अंकांची ती मिरवणूक दोनच स्थानांत आटोपते. दिवसाचा एकसष्टावा भाग म्हणजे ० घटी, ५९ पळे, ० विपळे, ५९ प्रतिविपळे, आणि पुढे हेच निरंतर. ही ५९ कुठून आली? ती ६१ ची जोडमूळ सखी. साठाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, अशा या दोघी ५९ आणि ६१. त्यांचा गुणाकार ३५९९, म्हणजे साठाच्या वर्गाला एकच कमी. त्यामुळे एकीचा भागाकार मांडला की दुसरी आवर्तन होऊन उभी राहते. ६१ ने भागले तर ०,५९ उमटत राहतो, आणि ५९ ने भागले तर १,१ : दिवसाचा एकोणसाठावा भाग म्हणजे एक घटी, एक पळ, एक विपळ, एक प्रतिविपळ, अनंतापर्यंत एकेक. दहाच्या पायात साठ अंक घेणारी संख्या साठाच्या पायात दोनच घेते, यात चमत्कार नाही, शेजारधर्म आहे. मूळ संख्या पायाला अगदी लागून असली, की ती त्याच्याशी थोडक्यात बोलते.

एवढी ओळख झाल्यावर पुन्हा भास्कराचार्यांच्या कोड्याकडे वळू. ते सोडवण्याच्या त्यांच्या चक्रवाल पद्धतीत सुरुवात अगदी घरगुती आकड्यांनी होते : आठाचा वर्ग ६४, ६१ पेक्षा तीनने मोठा. या तिनाला फिरवत नेले की दुसऱ्याच पावलात ३९ आणि ५ ही जोडी मिळते : ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, फरक उणे चार. इथून ब्रह्मगुप्तांच्या ‘भावना’ या रीतीने जोड्या एकमेकींशी गुंफत गेले की २९७१८ आणि ३८०५ येतात, जिथे फरक उणे एक उरतो. आणि ती जोडी स्वतःशीच गुंफली की उत्तर. गणितज्ञ फर्माने १६५७ साली फ्रान्समध्ये हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून पाठवला, तेव्हा तो भास्कराचार्यांच्या परंपरेत पाच शतके सुटलेला होता.

ते मोठे उत्तर, १,७६,६३,१९,०४९, घटी-पळांच्या स्थानांत उतरवून पाहावे : २, १६, १७, २४, १०, ४९. दहा अंकांची संख्या सहा स्थानांत मावली, आणि शेवटी कोण बसले आहे पाहा, तीच ती ४९! तिचा वर्ग २४०१, म्हणजे चाळीस वेळा साठ आणि वर एक. वर्गाच्या शेवटी एकच उरावा ही कोड्याची गरज ती चोख भागवते, कारण सोबतचे लहान उत्तर साठाच्या पायात १७, २७, ०, ३३, ० असे आहे, आणि त्याच्या शेवटी शून्य. आता दशमानात अकराने भाग जातो का हे जसे एक स्थान मिळवत, एक वजा करत तपासतात, तसे इथे ६१ साठी करू. उजवीकडून ४९ उणे १०, अधिक २४, उणे १७, अधिक १६, उणे २ : उत्तर ६०. एकसष्टीला एकच कमी! म्हणजे या महासंख्येत आणखी एक मिळवला की ६१ ने निःशेष भाग जाणार.

हे असे का व्हावे, यात मूळ संख्येच्या स्वभावाचे सार आहे. मोठ्या संख्येच्या वर्गातून एक वजा केला तर ती संख्या एकने कमी आणि एकने जास्त अशा दोन संख्यांचा गुणाकार उरतो, आणि त्या गुणाकाराला ६१ ने भाग जायलाच हवा. ६१ ऐवजी पंधरा असती तर तिचा तीन एकीकडे आणि पाच दुसरीकडे, अशी वाटणी झाली असती. मूळ संख्या मात्र वाटली जात नाही. ती जाईल तर सगळीच्या सगळी एका बाजूला जाईल. कोणत्या बाजूला गेली, हे दशमानातले दहा अंक आपल्याला सहजी सांगत नाहीत. साठातली सहा स्थाने सांगतात, आणि तेही बोटांवर होणाऱ्या बेरीज-वजाबाकीत.

राहिली ती शेवटची काकिणी. ६१ काकिण्या म्हणजे पंधरा पण आणि एक काकिणी, हे आपण पाहिले. जुन्या पैशांत पंधरा आणे एक पैसा. चाराचे गट करून शेवटी एक उरणे, ही वरवर क्षुल्लक बाब. पण फर्माने सतराव्या शतकात मांडले आणि ऑयलरने अठराव्यात सिद्ध केले ते असे, की चाराच्या पायात शेवटी एक उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. ६१ ही पंचवीस आणि छत्तीस यांची, पाच आणि सहा या सख्ख्या शेजाऱ्यांच्या वर्गांची बेरीज. इकडे भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त बजावून ठेवले होते, की एक मिळवण्याऐवजी एक वजा करून वर्ग हवा असेल आणि गुणक संख्या दोन वर्गांची बेरीज नसेल, तर तो प्रश्नच खिल, असाध्य. आपल्या वाटेत २९७१८ आणि ३८०५ ही उणे एकाची पायरी लागली, ती एकसष्टीच्या या वर्गयोगामुळे. ६७ काकिण्या मोजा : सोळा पण आणि तीन काकिण्या. तीन उरल्या, तिथे दोन वर्गांची बेरीज नाही, उणे एकाची पायरीही नाही. भास्कराचार्यांनी एकाच प्रश्नात शेजारी बसवलेल्या या दोन मूळ संख्यांचे अंतरंग किती भिन्न आहे, ते कवड्यांच्या थैलीतली शेवटची नाणी सांगून जातात.

पाया माणसाचा असतो. हाताला दहा बोटे म्हणून दहा, बाजारात वाटण्या सोप्या व्हाव्यात म्हणून चार, बारा, सोळा आणि वीस, आकाशाला कोन लावायचा म्हणून साठ. मूळपण मात्र कुणाच्या सोयीचे नाही. तरीही ते आपल्याला दिसते ते आपल्या सोयींच्याच खिडक्यांतून, आणि म्हणून जितकी मापे अधिक तितका आनंद अधिक. फर्माने ६१ बरोबर आणखी एक मूळ संख्या पाठवली होती, १०९. तिचे लहानात लहान उत्तर एकसष्टीच्या उत्तरालाही ठेंगणे ठरवणारे आहे. घड्याळात ती एक तास एकोणपन्नास मिनिटे, आणि जुन्या पैशांत सत्तावीस आणे एक पैसा. पैसा एकच उरला, म्हणजे ते दोन वर्ग कुठेतरी असणारच. ते आता वाचकांनी शोधावेत.